रणगाड्यावरचा गंज

आमच्या गावाचं नाव मी सांगणार नाही, कारण मला तिथंच राहायचं आहे. भंडारा जिल्ह्यातलं, धानाच्या बांध्यांनी वेढलेलं गाव आहे, चौकात एसटी थांबते आणि राईस मिलचा कोंडा वर्षभर हवेत उडतो, एवढी ओळख पुरे. माझी नोकरी भंडाऱ्याला, जमीन मोजणीची. दोन सख्खे भाऊ बांधावरून भांडतात, मी जाऊन मोजणी करतो, बांध कुठं असायला हवा होता ते सांगतो, आणि मग ते दोघं एक होऊन माझ्याशी भांडतात. असा दिवसभर दुसऱ्यांच्या चुका मोजणारा माणूस घरी येऊन काय करणार? मी रणगाड्यांची छोटी मॉडेलं करतो आणि त्यांतल्या चुका मोजतो.

ज्यांना या छंदाची माहिती नाही त्यांना वाटतं की खोका आणायचा, कागदावर दाखवल्याप्रमाणे प्लास्टिकचे तुकडे चिकटवायचे, रंग मारायचा आणि शोकेसमध्ये ठेवायचं. ते शिकाऊ लोक. खरा छांदिष्ट खोका उघडून पहिल्यांदा काय चुकलंय ते शोधतो. खोक्यात काही चुकलेलंच नसेल तर त्याचा दिवस वाया जातो. इंटरनेटवर आमचा एक गट आहे. जगभरातले असे लोक तिथं जमतात. कुणाचं मूल झालं, कुणाचं लग्न मोडलं, यावर तिथं कुणी बोलत नाही. पण कुणी रणगाड्याच्या चाकावर एक बोल्ट कमी दाखवला तर सगळे मिळून त्याची पुरती शोभा करतात. या गटातला सर्वात मोठा माणूस युरोपातला आहे. त्याला सगळे ‘प्रोफेसर’ म्हणतात. तो कशाचा प्रोफेसर आहे ते कुणाला ठाऊक नाही. त्याचं उत्तर बहुधा एकाच शब्दाचं असतं: ‘पुरावा?’

मी घेतलेला खोका टी-५५ या रशियन रणगाड्याचा होता. हा रणगाडा आपल्या फौजेत खूप वर्षं होता. खोका स्वस्तातला होता आणि चुकांच्या बाबतीत अगदी उदार. या रणगाड्याच्या पहिल्या आणि दुसऱ्या चाकामध्ये मोठी फट असते, ती त्याची ओळखच आहे. खोकेवाल्यानं सगळी चाकं शाळेच्या प्रार्थनेला उभी केल्यासारखी सारख्या अंतरावर लावली होती. तोफेच्या नळीवरचा फुगवटा टोकाला होता. आपल्या फौजेनं तोफ बदलली तेव्हापासून तो मध्यावर आला. आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे झाकण. तोफ बसवलेलं वरचं फिरतं डोकं असतं, त्याला आम्ही टरेट म्हणतो. त्याच्या उजव्या बाजूला खोकेवाल्यानं एक गोल, फुगीर झाकण दिलं होतं, कुत्र्याच्या छत्रीसारखं. तसं झाकण याच्या आधीच्या टी-५४ या रणगाड्यावर असायचं, आतला धूर बाहेर टाकायला. टी-५५ वर ते नसतं. दोन्ही ओळखायचे ते त्यावरूनच. हे म्हणजे नवऱ्याच्या फोटोवर सासऱ्याच्या मिशा काढण्यासारखं झालं.

मी कामाला लागलो. चाकांचे आस कापले, जुनी भोकं पुट्टीनं बुजवली, नवीन पाडली. नळी कापून पेनच्या रिफिलच्या तुकड्यावर फुगवटा मध्यावर आणून बसवला. झाकण मात्र शेवटी काढायचं ठरवलं, कारण ते कापलं की खालचं टरेट खरवडतं आणि त्यावरचा ओतीव लोखंडाचा खरखरीतपणा पुन्हा आणणं जिकिरीचं असतं. दोन्ही खोल्यांत पांढरी पूड उडत होती.

बायको म्हणाली, “काय करून राहिले तुम्ही?”

“चाकं सरकवून राहिलो.”

“काहून?”

“चुकीच्या जागी होती.”

“बाथरूमचा नळ किती दिवसाचा चुकीच्या जागी टपकून राहिला, थो दिसत नाही तुमाले?”

मी तिला समजावलं की नळ हा वेगळा विषय आहे. तिनं पोळपाट उचलला आणि त्यावरची पुट्टीची पूड फुंकून माझ्याकडं पाहिलं. त्या पाहण्यात प्रोफेसरच्या एका शब्दापेक्षा जास्त होतं.

त्याच सुमारास गावात खरा रणगाडा आला.

आमच्याकडं एक चौक सुशोभीकरण समिती आहे. तिचे अध्यक्ष राईस मिलवाले. त्यांनी दुसऱ्या कुठल्यातरी शहरात चौकातला रणगाडा पाहिला आणि तेव्हापासून त्यांना झोप येईना. अर्ज केले, वशिले लावले, आणि फौजेतून बाद झालेला एक रणगाडा मोठ्या ट्रेलरवर बसून आमच्या चौकात आला. सगळा गाव लोटला. बायांनी ओवाळलं, नारळ फुटले, कुणीतरी तोफेच्या नळीला झेंडूचा हार घातला. मी गर्दीतून पुढं घुसलो आणि पहिल्या दोन चाकांमधली फट पाहिली. ती होती, मोठी, जशी हवी तशी. माझ्या डोळ्यात पाणी आलं. शेजारच्या म्हाताऱ्याला वाटलं देशभक्तीचं आहे, त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. मी तो राहू दिला.

टी-५५ च होता. टरेट गुळगुळीत मोकळं, झाकण नाही. फक्त अंगावरचं सामान फौजेनं काढून घेतलं होतं: मडगार्डवरच्या डिझेलच्या चपट्या टाक्या, अवजारांच्या पेट्या, दिव्यांच्या जाळ्या. दुसऱ्या दिवशी मी टेप आणि व्हर्नियर घेऊन गेलो आणि त्याच्या पोटाखाली शिरलो. बाहेर आलो तर समोर अध्यक्ष उभे.

“काय मोजून राहिले साहेब? कोनाच्या हिश्श्याले जाते हा?”

मी त्यांना माझ्या मॉडेलविषयी सांगितलं. ते ऐकताच त्यांचा चेहरा खुलला. “मंग तं झालंच आपलं काम! हे पाहा ना जी, कसा नागवा दिसून राहिला. त्याले पेट्या-बिट्या पायजे. ग्रिलवाल्याले काय करायचं थे समजून नाही राहिलं. तुमचं मॉडल द्या ना त्याले आठ-पंधरा दिवस. पाहून पाहून बनवन थो.”

मी म्हणालो, “भाऊ, त्याच्यात अजून चुका आहेत. एक झाकण काढायचं आहे.”

“हाव, हाव,” अध्यक्ष म्हणाले. आमच्या गावात ‘हाव’ म्हणजे हो, पण ते दोनदा म्हटलं की समजायचं, ऐकलेलं नाही.

मी मॉडेल दिलं. ग्रिलवाल्याला स्वतः सांगितलं की फक्त मडगार्डवरचं सामान पाहायचं, टरेटकडं बघायचं नाही. त्यानं मान हलवली. लगेच माझी ड्युटी लाखनीकडच्या मोजण्यांवर लागली. सकाळी अंधारात निघायचं, दिवसभर उन्हात बांध्यांवर उभं राहायचं, परतायचं तेव्हा चौकातल्या ताडपत्रीआडून ग्राइंडरच्या ठिणग्या उडताना बसच्या खिडकीतून दिसायच्या. मला अभिमान वाटायचा. जगातल्या किती छांदिष्टांच्या मॉडेलवरून खरा रणगाडा दुरुस्त झाला असेल?

काम संपल्यावर ताडपत्री निघाली आणि मी पाहायला गेलो. पेट्या बऱ्या झाल्या होत्या. टाक्या जरा धान्याच्या कोठ्यांसारख्या दिसत होत्या, पण चालण्यासारख्या. मग मी वर पाहिलं. टरेटच्या उजव्या बाजूला, अगदी अचूक जागी, एक गोल फुगीर झाकण बसलं होतं.

“हे काय आहे?” मी ग्रिलवाल्याला विचारलं.

“थे मॉडलात होतं ना साहेब, अन् इथं नव्हतं. मी अध्यक्षभाऊले दाखवलं. थे म्हनले, रस्त्यात चोरीले गेलं असन.”

“पण हे केलं कशाचं?”

“गंज होय जी.”

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडं गंज म्हणजे भात-वरण शिजवायचं पातेलं. आमचा जिल्हा पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध. समितीचे उपाध्यक्ष भांड्यांचे व्यापारी. त्यांनी दुकानातला पोचे आलेला एक मोठा पितळी गंज देशासाठी दिला होता. पितळ लोखंडाला वेल्डिंगनं धरेना, म्हणून ग्रिलवाल्यानं गंज पालथा घालून बुडातून भलामोठा बोल्ट ठोकला होता आणि त्यावर हिरवा रंग मारला होता. गंजाचा बाहेर वळलेला काठ टरेटवर नीट टेकला होता. दुरून पाहिलं तर कुणाला शंका आली नसती. मी मात्र दुरून पाहणारा माणूस नाही.

मी समितीच्या बैठकीत गेलो. फोटो नेले, पुस्तकातली चित्रं नेली, टी-५४ आणि टी-५५ मधला फरक समजावला. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. आमच्या गावात लोक शांतपणे ऐकतात तेव्हा त्यांना चहाची वाट पाहायची असते.

अध्यक्ष म्हणाले, “साहेब, तुमच्याच मॉडलात हाय. आता तुमीच म्हनता चुकलं. मंग तुमी चुकीचं मॉडल काहून बनवलं?”

“मी नाही बनवलं. कंपनीनं चुकवलं. मी दुरुस्त करून राहिलो होतो.”

“म्हंजे कंपनी चुकली, इतकी मोठी कंपनी, अन् तुमी बरोबर?”

उपाध्यक्षांना वेगळंच दुःख होतं. “गंज काढान तं बोल्टचं भोक दिसन ना जी. अन् आमी दिलेल्या वस्तूचा असा अपमान बरा नाही.”

एका सभासदानं तोडगा काढला. गावात एक निवृत्त फौजी आहेत, हवालदार साहेब. त्यांना विचारावं. त्यांना बोलावणं गेलं. ते आले, इस्त्रीचा शर्ट, ताठ कणा. अध्यक्षांनी विचारलं, “हवालदार साहेब, तुमी फौजेत होते. रनगाड्यावर असं झाकन असते का नसते?”

बैठकीतला प्रत्येक माणूस त्यांच्याकडं पाहत होता. हवालदार साहेबांनी फोटोंकडं पाहिलं, खिडकीतून चौकाकडं पाहिलं, आणि ठणकावून सांगितलं, “असते. आमी त्याच्यावर चहाचे कप ठेवत होतो.”

टाळ्या पडल्या. विषय संपला. चहा आला.

घरी परतताना ते माझ्याबरोबर चालत होते. चौक मागं पडल्यावर त्यांनी आवाज खाली आणला. “साहेब, राग नोका धरू. मी फौजेत राशनच्या ट्रकवर होतो. रनगाडा कधी जवळून पाह्यलाच नाही.”

“मग असं काहून सांगितलं?”

“सगळे माझ्याकडं पाहून राह्यले होते ना जी. फौजी म्हनून बोलावलं, अन् मी मले ठाऊक नाही म्हनलो असतो, तं बरं दिसलं असतं का?” थोडं पुढं गेल्यावर ते म्हणाले, “पंधरा ऑगस्टले सारा गाव मले सलाम करते. बाकीचं वर्ष कोन विचारते?”

मी दिवसभर ज्यांची जमीन मोजतो, तेही असंच सांगतात. ‘आमच्या आज्यापासून बांध इथंच होता.’ सांगताना त्यांचा आवाज अस्साच ठणठणीत असतो.

लोकार्पण झालं. अध्यक्षांनी भाषणात रणगाड्याचा प्रत्येक भाग ‘मूळ स्वरूपात’ परत आणल्याचं सांगितलं आणि माझाही सत्कार केला. शाल, श्रीफळ, आणि भांडीवाल्या उपाध्यक्षांकडून एक छोटा पितळी गंज. बायकोनं तो लगेच वापरात काढला. ती म्हणाली, “पाहा, इतक्या वर्षांत तुमच्या रणगाड्यातून घरात पहिल्यांदा कामाची वस्तू आली.”

मॉडेल परत मिळालं. मी त्याच आठवड्यात बसलो, ब्लेडनं झाकण कापलं, पुट्टी भरली, पॉलिश पेपरनं घासलं, जुन्या टूथब्रशनं खरखरीतपणा उठवला. टरेट अखेर बरोबर झालं. मी निर्धास्त झालो, तोच अध्यक्षांचा माणूस दारात. चौकात काचेच्या पेटीत मॉडेल ठेवायचं होतं, खाली पाटी: ‘आपल्या रणगाड्याची हुबेहूब प्रतिकृती’.

मी नाही म्हणायला हवं होतं. पण हुबेहूब हा शब्द असा आहे की माझ्यासारख्या माणसाचं डोकं फिरतं. मॉडेल दिलं. दुसऱ्याच दिवशी अध्यक्षांचा फोन. “साहेब, तुमचं मॉडल अधुरं हाय. वरचं झाकन कुठं सांडलं काय? लोकं तुलना करून राहिले. मुलं तं थेट बोट दाखवून सांगतात, यात चूक हाय म्हनून.”

मी म्हणालो, “मॉडेल बरोबर आहे. रणगाडा चुकलाय.”

मग ते अतिशय सौम्यपणे, आजारी माणसाशी बोलावं तसे म्हणाले, “थो खरा रनगाडा हाय साहेब. थो कसा चुकन?”

संध्याकाळी मी पाहायला गेलो तर काचेच्या पेटीत माझ्या टरेटवर, माझ्या पुट्टीवर, माझ्या टूथब्रशनं उठवलेल्या पोतावर कुणीतरी कफ सिरपच्या बाटलीचं बूच चिकटवलं होतं. हिरवा रंगही मारला होता. सढळ हातानं.

त्या संतापात मी एक मूर्खपणा केला. चौकातल्या रणगाड्याचे फोटो काढले आणि आमच्या गटावर टाकले. सोबत सगळी हकीकत लिहिली. माझी अपेक्षा अशी होती की जगभरातले बोल्ट मोजणारे एकदिलानं आमच्या समितीची खिल्ली उडवतील आणि मला जरा बरं वाटेल. हकीकत कुणीच वाचली नाही. या गटात कुणी मजकूर वाचत नाही, फोटो मोठा करून पाहतात. तासाभरात प्रोफेसर अवतरला. त्यानं पहिल्यांदाच एका शब्दाच्या पुढं मजल मारली होती. टी-५५ वर असं झाकण! भारतात स्थानिक बदल झाला असणार. आतापर्यंत कुठंच नोंद नाही. झाकणाचा बाहेर वळलेला काठ रशियन नमुन्यात नसतो, म्हणजे हे भारतीय बनावटीचंच. अभिनंदन.

मी लिहिलं: ते झाकण नाही. ते स्वयंपाकाचं भांडं आहे. आमच्याकडं त्याला गंज म्हणतात.

त्याचं उत्तर आलं: ‘पुरावा?’

मी सत्कारात मिळालेल्या छोट्या गंजाचा फोटो टाकला. त्यात भात होता. प्रोफेसर म्हणाला, आकार मिळता आहे, पण माप वेगळं, म्हणून हा पुरावा धरता येणार नाही. मग त्यानं कुठूनतरी मराठी शब्दकोश शोधला. शब्दकोशात गंज म्हणजे लोखंडावर चढणारा तांबूस थर, असं त्यानं मलाच समजावून सांगितलं. म्हणजे स्थानिक लोक ज्याला गंज म्हणतात तो गंजलेला लोखंडी भाग आहे. गंजला म्हणजे जुना आहे. जुना म्हणजे मूळचा आहे. त्यावर बऱ्याच जणांनी अंगठे उमटवले.

मी ग्रिलवाल्याची साक्ष देऊ केली. प्रोफेसरनं विचारलं, हा माणूस फौजेत होता का? मी म्हणालो, नाही. मग फौजेतल्या कुणाची साक्ष आहे का? खोटं मला लिहिता येत नाही, आणि खरं असं होतं की फौजेतल्या एका माणसानं भर बैठकीत सांगितलं होतं की आम्ही त्यावर चहाचे कप ठेवत होतो. राशनच्या ट्रकची गोष्ट त्यांनी मला रस्त्यात सांगितली होती, विश्वासानं. ती चव्हाट्यावर मांडायचं माझ्या जिवावर आलं. मी फोन बंद केला.

“काय झालं?” बायकोनं विचारलं.

“थो परदेशातला माणूस म्हणते की तुझा गंज पुरावा होत नाही.”

“भात होते ना त्याच्यात? मंग बस झालं.”

त्यानंतर काही दिवस मी गटावर गेलोच नाही. नळ दुरुस्त केला. मोजणीचा हंगाम होता, एका गावात तर बांध मोजून झाल्यावर दोन्ही शेतकऱ्यांनी माझं यंत्रच चुकलंय यावर एकमतानं सही दिली. मी तीही मुकाट्यानं घेतली.

मग एकदा सवयीनं गट उघडला. कुठल्यातरी थंड देशातल्या एका छांदिष्टानं नवं मॉडेल टाकलं होतं: भारतीय टी-५५, दुर्मीळ झाकणासह. माझ्याच फोटोंवरून केलेलं. खाली कौतुकाचा पूर आला होता. खोक्यातल्या चुका कशा धीरानं दुरुस्त केल्या, असा आदर्श आजकाल पाहायला मिळत नाही, असं प्रोफेसरनं स्वतः लिहिलं होतं. मला हसू आलं, मग राग आला, मग माझी बोटं आपोआप त्या फोटोवर गेली आणि मी तो मोठा करून पाहू लागलो. फट बरोबर. फुगवटा मध्यावर. आणि झाकण त्यानं पातळ पत्रा ठोकून केलं होतं, डाव्या अंगाला एक पोचा, बुडात बोल्टचं डोकं, आणि काठ तर असा बाहेर वळवलेला, की ते झाकण भांड्यांच्या दुकानात ठेवलं असतं तर कुणी विकत घेतलं असतं.

मी खूप वेळ चूक शोधली. सापडली नाही. शेवटी त्याला लिहिलं की काम उत्तम झालं आहे.